गोव्यात फोटोग्राफी शिकताना: पोस्टकार्डाच्या बाहेर पडायचं कसं

गोव्यात कॅमेरा हातात घेणाऱ्याची पहिली पंचाईत अशी, की इथे वाईट फोटो काढणंच अवघड आहे. संध्याकाळी मिरामारला उभं राहून मोबाइल समुद्राकडे धरला तरी चार जण ‘वा’ म्हणतात. माड, होडी, सूर्य, झालं काम. ती वाहवा खरं तर सूर्याच्या वाट्याची असते. असे फोटो वर्षभर काढत राहिलात तर हार्ड डिस्क भरते आणि हात होता तिथेच राहतो.

नुकताच पहिला कॅमेरा घेतलेल्या किंवा कला महाविद्यालयात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. कुठलं बटण कशाचं, ते यूट्यूबवर मिळेल. त्यापुढे काय करून बघायचं, कुठे, कुठल्या महिन्यात आणि अडकायला कुठे होतं, एवढंच इथे आहे.

१. सामान: आहे त्यात सुरुवात करा

- मॅन्युअल मोड (सगळं हाताने ठरवता येतं तो) असलेला कोणताही कॅमेरा. जुना चालेल. सोबत येणारी १८-५५ लेन्स सुरुवातीला पुरते.
- पुढे पैसे जमले की ५० मिलिमीटर, एफ १.८ लेन्स. बहुतेक कंपन्यांची ही सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते आणि कमी उजेडात कामाला येते.
- दोन मेमरी कार्डं, एक जादा बॅटरी.
- ट्रायपॉड. हलका असला तरी हरकत नाही, फक्त मधला दांडा वर केल्यावर डुलणारा नको.
- हवेचा ब्लोअर, लेन्स पुसायचं कापड, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल.
- कॉलेजचं ओळखपत्र आणि जमल्यास विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र. ‘कशाला काढतोस फोटो?’ या प्रश्नावर हे पत्र लांबलचक भाषणापेक्षा लवकर काम करतं.
- खिशात मावेल अशी वही.

जुनी लेन्स घेताना एक गोष्ट तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. आत पांढरे, बारीक धागे पसरलेले दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडचे चार पावसाळे उघड्या कपाटात काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. ‘साफ करून मिळेल’ म्हणतात, पण साफसफाईचा खर्च आणि काचेच्या लेपावर राहिलेले डाग धरले तर सौदा महागच पडतो.

कॅमेरा नसेल तर मोबाइलवर सुरू करा. प्रो मोड आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल असेल तर खालचे बरेचसे प्रयोग त्यावरही होतात. संगणकावर रॉ फाइलींसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत. पायरेटेड सॉफ्टवेअरच्या नादी लागून लॅपटॉप खराब करून घेऊ नका.

२. ऑटोमधून बाहेर या, पण एकेक पायरी उतरत

पहिल्या दिवसापासून फुल मॅन्युअल वापरणारे आठवडाभरात कंटाळून पुन्हा ऑटोवर जातात. त्यापेक्षा आधी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो) घ्या आणि फक्त एक गोष्ट शिका: कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, फसतो कसा.

याचा धडा पणजीत फुकट मिळतो. भर उन्हात पणजी चर्चच्या पायऱ्यांसमोर उभे राहा आणि पांढऱ्या दर्शनी भिंतीने चौकट भरून टाका. फोटोत भिंत मळकट राखाडी येईल. समोर जे असेल ते मध्यम करड्या छटेचं आहे असं मीटर धरून चालतो, म्हणून पांढऱ्याला तो खाली ओढतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ किंवा गडद हवा ते सांगणारी सेटिंग) +१ करा, मग +१.५, आणि प्रत्येक वेळी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा. मग जुन्या गोव्यात बॉम जेझस बॅसिलिकेला जा. तिच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा नाही, उघडा जांभा दगड आहे. तिथे मीटरचा अंदाज बराचसा बरोबर येतो. आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या काळ्याकुट्ट पुतळ्याचा फोटो काढायला गेलात, की हाच मीटर उलट चुकून सगळं फटफटीत करतो. तिथे उणे करायचं. या तीन जागा करून झाल्यावर पुस्तकातला एक्सपोजरचा धडा वाचा, पटापट उलगडतो.

३. एक जागा धरा आणि सोडू नका

या लेखातलं एकच काही करणार असाल, तर हे करा.

घरापासून जवळची, बसने किंवा स्कूटरने सहज जाता येईल अशी एक जागा निवडा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, बाणस्तारीचा गुरुवारचा बाजार, आपल्याच वाड्यावरची तळी, खाजनातल्या (खाडीकाठच्या शेतातल्या) बांधावरची मानस म्हणजे पाण्याचं दार, काहीही. अट एकच: ती जागा इन्स्टाग्रामवर आधीच गाजलेली नसावी. तिथे दोन-तीन महिने पुन्हा पुन्हा जायचं. एकच लेन्स न्यायची. झूम असेल तर ३५वर चिकटपट्टी लावून पक्की करायची. चौकटीत हवं ते घ्यायला पायाने पुढे-मागे व्हायचं.

उदाहरणादाखल रायबंदरचा फेरी धक्का घ्या. चोडणला जायला इथून फेरीबोट सुटते आणि पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, म्हणजे दिवसभर ये-जा करत फोटो काढता येतात. पहिल्या फेरीत नदी, बोट आणि पलीकडची खारफुटी काढून होते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला वाटतं, इथे आता काढण्यासारखं काही उरलं नाही. तिथे थांबू नका, अभ्यास त्यानंतर सुरू होतो. बोट धक्क्याला लागताना पुढची लोखंडी फळी खाली येऊ लागते. ती टेकायच्या आधीच स्कूटरवाले इंजिन चालू करतात. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांचे पाय जमिनीवर, हात अ‍ॅक्सिलरेटरवर आणि नजर फळीच्या कडेवर. मागे कोणीतरी मासळीची टोपली बाजूला सरकवतं. काही सेकंदांचा हा प्रकार दिवसभर परत परत घडतो, म्हणून हुकला तरी पुढच्या बोटीला पुन्हा संधी मिळते. विद्यार्थ्याला असा विषय हवा. शिगम्याचा चित्ररथ एकदा गेला की गेला.

वहीत एवढंच लिहा: वेळ, उजेड कुठून होता, काय हुकलं. पुढच्या खेपेला त्या हुकलेल्याचाच पाठपुरावा करायचा.

४. शटरशी खेळा

धावती स्कूटर: रस्त्याला समांतर उभे राहा, शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/३० सेकंद ठेवा आणि स्कूटरबरोबर कमरेतून वळत क्लिक करा. क्लिक झाल्यावरही वळणं थांबवायचं नाही. स्कूटर स्पष्ट, मागची झाडी ओघळलेली. पहिले बहुतेक फोटो वाया जातात, त्याचं काही वाटून घेऊ नका. सकाळी सायकलवरून पाव विकत फिरणारा पोदेर यासाठी उत्तम, कारण त्याचा वेग जवळजवळ ठरलेला असतो.

लाटा: ट्रायपॉडवर १/२ सेकंद ठेवलं तर परतणाऱ्या पाण्याच्या रेघा दिसतात, ३० सेकंद ठेवलं तर धुकं होतं. मला अर्धा सेकंदच आवडतो; त्यात निदान पाणी पाण्यासारखं दिसतं. उजेड जास्त असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच, लागतो. सहा स्टॉपच्या (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा) फिल्टरने १/६० चं साधारण १ सेकंद होतं.

फेरीबोटीवर मंद शटर वापरायचं असेल तर कॅमेरा कठड्यावर टेकवू नका. इंजिनाची थरथर लोखंडातून थेट कॅमेऱ्यात येते. कोपर बरगड्यांना चिकटवून हातातच धरा.

रात्रीच्या मिरवणुकीत एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे बहुतेक जातात.

५. उजेड ओळखायला शिका

‘गोल्डन अवर’चं, म्हणजे उगवत्या-मावळत्या उन्हाच्या वेळेचं, कौतुक सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण आपण साडेपंधरा अंश अक्षांशावर राहतो. इथे सूर्य युरोपातल्यासारखा तिरका रेंगाळत मावळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. तो सोनेरी उजेड बघता बघता संपतो. जागा आणि चौकट आधी ठरवून ठेवली नसेल तर तुम्ही ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

दुपारही टाळू नका, दुपारीच जास्त शिकायला मिळतं. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. उघड्यावर माणसाचा फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. त्याच माणसाला बाजारातल्या निळ्या ताडपत्रीखाली, बाल्कांवाच्या (घरापुढच्या बसायच्या ओट्याच्या) सावलीत किंवा दाराच्या दोन पावलं आत उभं करा आणि फरक बघा. ताडपत्रीखाली चेहरा निळसर येईल, तो दुरुस्त करणं हे व्हाइट बॅलन्सचं (उजेडाचा रंग जुळवणाऱ्या सेटिंगचं) काम.

घरातल्या उजेडासाठी गोव्यासारखी शाळा नाही. जुन्या घरांत अजून शिंपल्यांच्या खिडक्या आहेत: लाकडी चौकटीत बसवलेले पातळ, अर्धपारदर्शक शिंपले. बाहेर कितीही कडक ऊन असो, त्यातून आत येणारा उजेड दुधाळ आणि मऊ असतो. स्टुडिओत ज्या कामासाठी हजारो रुपयांचा सॉफ्टबॉक्स लावतात ते काम ही खिडकी करते. ओळखीच्या कुणाच्या घरात अशी खिडकी असेल तर आजी-आजोबांना तिच्या बाजूला बसवा. तोंड खिडकीकडे न करता पाऊण वळवा. दुसऱ्या गालावर सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला पांढरा पंचा धरा. खिडकीचं एक दार उघडून, मग बंद करून असे दोन फोटो काढले की कडक आणि मऊ उजेड म्हणजे काय ते शेजारी-शेजारी दिसतं.

मग चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास. याहून कठीण गृहपाठ मला तरी माहीत नाही. वर टांगलेले नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, रानातली फळंफुलं, खाली गणपती, समईचा पिवळा, ट्यूबलाइटचा निळसर आणि मखराच्या माळांचा रंगीबेरंगी उजेड, सगळं एकाच चौकटीत. कुठलाही व्हाइट बॅलन्स लावला तरी कशाचा तरी रंग बिघडणार. फ्लॅश मारला तर माटोळीची सावली सरळ भिंतीवर पडते. उपाय फोटोग्राफीतला कमी आणि शिष्टाचारातला जास्त आहे: आरती झाल्यावर, पाहुणे कमी असताना विचारायचं, “काकी, दोन मिनिटं ट्यूब बंद करू?” उरलेल्या उजेडात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२००, अ‍ॅपर्चर एफ २.८च्या आसपास, आणि फोटो रॉमध्ये. थोडे दाणे दिसले तर दिसू देत. आणि माटोळीतल्या प्रत्येक फळाचं नाव काकींकडून वहीत लिहून घ्या, नंतर फोटोखालच्या ओळी लिहिताना लागतात.

६. माणसांना विचारा

बाजारात लांबून, लपून, मोठ्या लेन्सने काढलेले चेहरे ओळखू येतात. त्यात सगळे जण कुणाकडे तरी पाठ फिरवून उभे असतात. जवळ जा. मासळीवालीशी कोंकणीत बोला, “फोटो काडूं?” एवढं पुरतं. ‘नाका’ म्हणाली तर हसून पुढे. हो म्हणाली तर पहिला फोटो झाल्याबरोबर निघू नका, कारण पहिल्यात ती पोज देते. गिऱ्हाईक आलं की पोज विसरते, तिथून पुढे खरं काम सुरू होतं. पुढच्या शुक्रवारी छापील फोटो नेऊन द्या. दहा-वीस रुपयांच्या त्या प्रिंटवर सगळी रांग तुम्हाला ओळखायला लागते.

किनाऱ्यावर जास्त जपा. सूर्यस्नान करणाऱ्या किंवा पोहणाऱ्या पर्यटकांचे फोटो त्यांना न विचारता काढू नयेत, अशी सूचना गोव्याच्या पर्यटन खात्याने २०२३च्या जानेवारीत काढली होती. सूचना नसती तरी गोष्ट तीच. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नका.

फोंताईन्हासबद्दल वेगळं सांगतो. तिथली रंगीत घरं लोकांची राहती घरं आहेत. पायरीवर मॉडेल बसवून, दारात कपडे बदलून शूट करणाऱ्यांना रहिवासी विटले आहेत. फोटो काढू नका अशा पाट्या लागल्यात. पर्रा गावातही माडांच्या रस्त्यावर गर्दी इतकी वाढली की २०१९ मध्ये पंचायतीने फोटोंसाठी पैसे आकारायला सुरुवात केली होती आणि त्यावरून बराच वाद झाला. तुम्ही विद्यार्थी आहात, या दोन्ही ठिकाणचा आणखी एक फोटो जगाला नको आहे.

७. सणांचं वेळापत्रक भिंतीवर लावा

फेब्रुवारीच्या आसपास कार्निव्हल, फाल्गुनात शिगमो, २४ जूनला सांजांव (विहिरीत उड्या मारण्याचा ख्रिस्ती सण), आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मंदिरासमोर चिखलकाला, ऑगस्टमध्ये दिवाडीला बोंदेरा (झेंड्यांचा उत्सव), दिवाळीच्या तोंडावर नरकासुर, त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीत विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात होड्या. यातले दोनच निवडा. सगळीकडे पळणाऱ्याच्या हाती गर्दीच लागते.

निवडलेल्या सणाला आदल्या दिवशी जा. शहरातल्या शिगमो मिरवणुकीत रस्त्याच्या कडेला शंभर कॅमेरे असतात. गावात मांडावर (शिगम्याच्या पारंपरिक जागेवर) ढोल-ताशे तापवताना, रोमटामेळाच्या (शिगम्यातल्या नाचत्या मिरवणुकीच्या) पोरांना फेटे बांधताना तुम्ही एकटेच असाल. चिखलकाल्याला जाताना लेन्स तिथे बदलू नका, एक लावायची ती घरूनच लावून न्या. कॅमेरा जाड प्लास्टिक पिशवीत, लेन्सपुरतं भोक पाडून, रबरबँड लावून. चिखल उडणारच आहे.

८. परवानग्या: थोडक्यात

- मंदिरं: गाभाऱ्यात बहुतेक ठिकाणी मनाई असते, सभामंडपाचे नियम देवळागणिक वेगळे. देवस्थानाच्या कार्यालयात विचारा. दीपस्तंभ, तळी, प्रांगण यांना सहसा अडचण नसते.
- जुन्या गोव्यातली पुरातत्त्व खात्याची स्मारकं: हातातल्या कॅमेऱ्याला चालतं, ट्रायपॉड उघडायचा तर आधी परवानगी. प्रार्थना चालू असताना आत शटरची कटकट करू नका.
- ड्रोन: उडवण्याआधी डिजिटल स्काय हा (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा) सरकारी नकाशा बघितल्याशिवाय बाहेरच काढू नका. दाबोळीला नौदलाचा तळ आणि विमानतळ, मोपाला दुसरा विमानतळ. गोव्याचा बराच भाग यांच्या आसपासच येतो.
- पक्षी: चोडणचं सलीम अली अभयारण्य, करमळीचं तळं. घरट्याजवळ जाऊ नका, आवाज वाजवून पक्षी बोलावू नका.

९. पाऊस, बुरशी आणि खारा वारा

जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात ठेवून द्यायचा नाही. सर्वांत चांगला उजेड तेव्हाच असतो. आणि वापरात असलेल्या लेन्सला बुरशी कमी लागते. परत आल्यावर मात्र डब्यात. कॅमेऱ्याच्या कापडी बॅगेत कधीच नाही, ती ओल धरून ठेवते. डब्यात स्वस्तातला आर्द्रतामापक टाका, काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. निळे सिलिका जेल गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यालेलं असतं. स्वयंपाकात नसलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवा, परत निळे होतात. तांदळाच्या पुरचुंडीचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पिठूळ धूळ लेन्समध्ये जाते, बाकी काही होत नाही.

एसी गाडीतून किंवा खोलीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर लगेच वाफ धरते. पुसत बसू नका. निघायच्या अर्धा तास आधी कॅमेरा बंद पिशवीत एसीबाहेर ठेवा.

समुद्रावरून आल्यावर किंचित ओलसर कापडाने कॅमेरा पुसा, मग कोरड्याने. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा. हे टाळलं की एका मोसमात सांधे गच्च बसतात.

१०. पडद्यामागचा एक प्रयोग: निळे प्रिंट

पावसाळा संपला की सायनोटाइप करून बघा. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची पाण्यातली वेगवेगळी द्रावणं मंद पिवळ्या दिव्याखाली समप्रमाणात मिसळायची, जाड कागदाला ब्रशने लावायची, अंधारात वाळवायची. वर फर्नचं पान किंवा पारदर्शक शीटवर छापलेली निगेटिव्ह, त्यावर काच, आणि अंगणातलं ऊन. आपल्या कडक उन्हात बहुतेक दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मग साध्या पाण्यात धुवायचं. हातमोजे घाला, भांडी वेगळी ठेवा आणि फेरिसायनाइड आम्लाजवळ नेऊ नका. डिजिटलमध्ये शंभर फोटो सहज काढणारा माणूस एका कागदावर कोणती निगेटिव्ह ठेवायची याचा तासभर विचार करतो, त्यासाठीच हा उद्योग.

११. निवडा, छापा, दाखवा

महिन्याच्या शेवटी त्या एका जागेचे सगळे फोटो समोर घेऊन वीस उरेपर्यंत कापा. ते पोस्टकार्ड आकारात छापून जमिनीवर पसरा. स्क्रीनवर भारी वाटलेले निम्मे फोटो इथे गळतात, कारण दोन फोटो तेच सांगत असतात हे शेजारी ठेवल्यावरच कळतं. दहा ठेवा. मग ते कुणाला तरी दाखवा, ‘कसे आहेत?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, “यातले कुठले दोन काढून टाकू?”

दुसऱ्यांचं काम प्रत्यक्ष भिंतीवर बघा. पणजीत आल्तिनोवर सुनापरान्त कलाकेंद्र आहे, पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा, आणि डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव. पाटो इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन फोटोंची पुस्तकं चाळा.

स्पर्धांना फोटो पाठवण्याआधी नियमावलीचा शेवटचा परिच्छेद वाचा. ‘आलेल्या सर्व फोटोंचे हक्क आयोजकांकडे’ असं असेल तर बक्षिसाच्या आमिषाने वर्षाचं काम फुकट देऊन बसाल.

आणि पहिलं पैशाचं काम येईल, बहुधा ओळखीतला वाढदिवस नाहीतर बारसं, तेव्हाही हाच मुद्दा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही स्वतःसाठी काढलेल्या फोटोचे हक्क तुमचे. पण कोणी मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचे हक्क, वेगळा करार नसेल तर, त्या माणसाकडे जातात. म्हणून काम स्वीकारतानाच एक ओळ लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर घेतली तरी काही नसण्यापेक्षा बरी: ‘हे फोटो मी माझ्या पोर्टफोलिओत वापरीन.’ समोरच्याचं ‘हो’ आलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि मगच बॅटरी चार्जिंगला लावा.